चकचकीत गाडी, सडलेले दांडे : २००३च्या माझदा एमएक्स-५चं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या मावसभावाचं. मूळचा कोल्हापूरचा, इंजिनिअर, नोकरीमुळे बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात. गाडीचा नंबर, शहर, विकणाऱ्याचं आणि गॅरेजचं नाव मुद्दाम गाळलं आहे. रकमा आणि घटनांचा क्रम त्याच्या फायलीतला. मी त्याच्यापासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि जुन्या गाड्यांखाली झोपून हात काळे करायची मला सवय आहे, त्यामुळे या सगळ्यात माझाही सल्ला होता. तो चुकला, तेही पुढे येईलच.

२०२१मध्ये त्याने ठरवलं की दोन सीटची, टप खाली करता येणारी गाडी घ्यायची. घरात रोजच्या वापराला एक साधी हॅचबॅक होतीच. ही फक्त रविवारची. बजेट साडेतीन हजार पौंड. ब्रिटनमध्ये एवढ्या पैशांत जुनी स्पोर्ट्‌स कार शोधायला निघालं, की कुठूनही सुरुवात करा, येऊन एमएक्स-५पाशीच थांबता.

त्यालाही कारण आहे. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर गाड्या हलक्या, गोड आणि बेभरवशाच्या होत्या. माझदाने १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात तीच कल्पना नव्याने मांडली : इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, वजन टनाच्या आसपास. फरक इतकाच की ही गाडी सकाळी सेल्फ मारला की सुरू व्हायची. हिरोशिमाच्या त्या इंजिनिअरांनी ‘जिंबा इत्ताई’ असा शब्द वापरला होता, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. मराठीत आपण ‘मांड बसली’ म्हणतो तेच. २०१६मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. त्यामुळे सुटे भाग मुबलक, माहितगार मेकॅनिक गावोगावी.

पहिली पिढी १९९७पर्यंतची, बॉनेटमधून वर येणाऱ्या दिव्यांची. तिला आता संग्राहकांचे भाव आले आहेत. म्हणून त्याने दुसऱ्या पिढीकडे मोर्चा वळवला. १९९८ ते २००५, आणि त्यातही २००१नंतरची सुधारित आवृत्ती, १.८ लिटरचं इंजिन, साधारण १४५ अश्वशक्ती. हजार-अकराशे किलोच्या गाडीला हे पुरेसं होतं, थोडं जास्तच.

दोन गाड्या

सप्टेंबरअखेर त्याच्याकडे दोन गाड्या उरल्या. दोन्ही २००३च्या, दोन्ही १.८.

पहिली निळी. १ लाख १२ हजार मैल धावलेली. मागितलेली किंमत २,३०० पौंड. मालकीण निवृत्त शिक्षिका. बॉनेटचा रंग उन्हाने विटलेला, मागच्या चाकाच्या कमानीवर नखाएवढा गंज, ड्रायव्हरची सीट उसवलेली. पण तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर एक जाडजूड फाइल आणून ठेवली. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, दोनदा बदललेला, रेडिएटर नवा, आणि दर दोन वर्षांनी खालच्या पत्र्यात मेण मारून घेतल्याची बिलं. “टप उघडायच्या आधी मागच्या नळ्या बघत जा,” असं तिने त्याला न विचारताच सांगितलं. त्याला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दुसरी चंदेरी. फक्त ४८ हजार मैल. मागितले ३,६००, ठरली ३,४००ला. गॅरेजमध्ये ठेवलेली, पॉलिश केलेली, टपाचं कापड नवं. खाली वाकून बघितलं तर सगळीकडे काळाकुळकुळीत, डांबरासारखा लेप. विकणारा म्हणाला, “अंडरसील केलेली आहे, गंजाची काळजीच नाही.” टायमिंग बेल्टबद्दल विचारलं तर म्हणाला, तो ६० हजार मैलांवर बदलायचा असतो, अजून वेळ आहे.

कोल्हापूरहून काकांनी व्हिडिओ कॉलवर दोन्ही गाड्या पाहिल्या. काकांची हयात प्रीमियर पद्मिनीत गेली. त्यांचं म्हणणं एकच : “लेका, इंजिन काय, कधीही बांधता येतं. पत्रा गेला की गाडी गेली. आम्ही मुंबईची गाडी घ्यायचो नाही, खाऱ्या वाऱ्याने खालून सडलेली असायची.” मावसभाऊ हसला. त्याच्या गावापासून समुद्र बराच लांब. पण इंग्लंडमध्ये समुद्र रस्त्यावर येतो. नोव्हेंबर ते मार्च बर्फ जमू नये म्हणून रात्री रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मिठाचं पाणी चाकांनी उडून नेमकं त्या जागी जातं जिथे हात पोचत नाही.

निर्णयाची पहिली जागा

ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, तिला एमओटी म्हणतात. आपल्याकडच्या पासिंगशी नातं सांगता येईल, पण एक मोठा फरक आहे. गाडीचा नुसता नंबर टाकला की प्रत्येक तपासणीचा निकाल, तेव्हाचे मैल आणि तपासनिसाच्या सूचना सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतात. पास झालेल्या गाडीलाही ‘याकडे लक्ष असू द्या’ अशा सूचना असतात, आणि खरं सोनं त्यांतच दडलेलं असतं.

त्याने मला फोन केला. “दादा, चंदेरीची एमओटी स्वच्छ आहे. दोन वर्षं एकही सूचना नाही.” मी कामात होतो. म्हणालो, “स्वच्छ असेल तर बघ मग. मैल कमी आहेत, चांगली वाटते.” माझा चुकलेला सल्ला तो हा. “त्याच्या आधीची वर्षं वाच” एवढं म्हणायला पाच सेकंदं लागली असती.

वर्षभराने आम्ही दोघांनी ती वाचली. २०१७ : पुढच्या चेसिसच्या दांड्यांना गंज, दोन्ही बाजू. २०१८ : तीच सूचना नाही, त्याऐवजी ‘गाडीच्या खालच्या बाजूला अंडरसील मारलेलं आहे’ अशी नोंद. २०१९पासून पुढे काहीच नाही. गंज बरा होत नसतो. तपासनिसाला झाकण किंवा लेप काढून बघायची मुभा नसते, दिसतं तेवढंच तो लिहितो. म्हणजे सूचना का गायब झाली याचं उत्तर २०१८च्याच नोंदीत होतं.

ऑक्टोबर २०२१मध्ये चंदेरी घरी आली. त्याच्या बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “अरे, पिशव्या कुठे ठेवायच्या?” तो विषय तिथेच मिटला.

पहिलं वर्ष

पहिलं वर्ष मजेत गेलं. बक्स्टनहून मॅकल्सफील्डला जाणारा ‘कॅट अँड फिडल’चा घाट, टप खाली, हीटर पायांवर. अशा गाडीत ताशी चाळीस मैलांच्या वेगालाही आपण काहीतरी करतोय असं वाटतं, यातच तिचं सगळं आलं.

पण पैसे चुकीच्या क्रमाने गेले. नवी अलॉय चाकं, नवा स्टिरिओ आणि एक आवाज करणारा एक्झॉस्ट, मिळून १,१५० पौंड. बेल्ट तसाच. बेल्ट मैलांनी झिजतो तसा वयानेही म्हातारा होतो, आणि हा मूळचाच, अठरा वर्षांचा होता. टायरही तसेच. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून त्याला ते नवे वाटले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. त्याच्या टायरवर २३१० होतं. म्हणजे २०१०चा तेविसावा आठवडा. ओल्या रस्त्यावर मागची बाजू एकदा सुटली तेव्हा त्याने ते वाचलं.

आणि एक वास होता. पावसानंतर सीटच्या मागे ओलसर, बुरशीचा वास यायचा. त्याने सुगंधी कार्ड लटकवलं.

अडचण

सप्टेंबर २०२२. गाडी एमओटीला गेली, या वेळी वेगळ्या गॅरेजमध्ये. तपासनीस जुना माणूस होता. लेपाला पुढे उजव्या बाजूला फुगवटा आला होता. तपासणीसाठी असतं त्या बोथट हत्याराने त्याने तिथे टोचलं आणि लेपाबरोबर पत्रा आत गेला. अंगठा जाईल एवढं भोक. डाव्या बाजूलाही तसंच, थोडं लहान.

हे दांडे म्हणजे नक्की काय ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावर आहे. पुढच्या बंपरपासून इंजिनाच्या दोन्ही अंगांनी मागे जाणारे दोन चौकोनी, पोकळ दांडे. पुढचा सबफ्रेम (खालची लोखंडी चौकट), म्हणजे पर्यायाने पुढची चाकं आणि स्टेअरिंग, यांच्यावर बोल्टने टांगलेलं असतं. दुसऱ्या पिढीच्या गाड्यांत मजबुती वाढवायला आत पत्र्याचे जादा थर घातले आहेत. टक्कर झाली तर हे उत्तम, पण पाणी शिरलं तर वाईट. थरांच्या फटीत ओल बसते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर डाग दिसतो तेव्हा आतला पत्रा गेलेला असतो. वरून डांबरासारखा लेप मारला की ओल आतच कोंडली जाते. म्हणजे लेपाने गंज नुसता झाकला नाही, त्याला घरही बांधून दिलं.

तपासणीच्या नियमात सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आतला सडलेला पत्रा म्हणजे नापास. हा त्याच्या बराच आत होता.

पर्याय

त्या रात्री आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. चहा दोनदा झाला. त्याने वहीच्या पाठच्या पानावर लिहायला घेतलं.

पहिला पर्याय विकणाऱ्याला गाठण्याचा. ब्रिटनमध्ये विक्रेत्या डीलरकडून गाडी घेतली तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने पहिल्या ३० दिवसांत सदोष गाडी परत करता येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही. त्याने खोटं वर्णन केलं असेल तरच दाद मागता येते. जाहिरातीत ‘गंज नाही’ असं लिहिलं होतं हे मावसभावाला आठवत होतं, पण जाहिरात काढून टाकलेली आणि त्याने तिचा साधा स्क्रीनशॉटही ठेवलेला नव्हता. व्यवहारानंतरच्या एका संदेशात फक्त ‘मजा करा’ एवढंच. शिवाय नोंदणीच्या कागदावरून दिसत होतं की त्या माणसाने गाडी २०१९मध्ये घेतली, म्हणजे लेप लागल्यानंतर. त्यालाही कदाचित ती अशीच विकली गेली असावी. माझं मत अजूनही तेच आहे. मावसभावाचं नाही.

दुसरा पर्याय, आहे तशी विकायची. नापास झालेली, खरं सांगून. दोन ठिकाणांहून भाव आला, ९०० आणि १,१००. सुटे करून विकणारे लोक. इंजिन, गिअरबॉक्स, टप, त्याची नवी चाकं यांना गिऱ्हाईक होतंच.

तिसरा पर्याय एमओटी करणाऱ्या गॅरेजच्याच मालकाने सुचवला. वरून पट्टी वेल्ड करायची, परत काळा लेप मारायचा, २८० पौंडांत पास. “दोन वर्षं निघतील, मग विकून टाका.” मला वाटतं ही या प्रकरणातली सर्वांत खरी परीक्षा होती, कारण ते स्वस्त होतं, कायद्यात बसत होतं आणि त्या रात्री आम्हा दोघांनाही हवंहवंसं वाटत होतं. त्याची बायको भांडी आवरत होती. तिने वळून विचारलं, “मग घेणारा कोण? तुझ्यासारखाच कोणीतरी?” वहीतल्या त्या ओळीवर त्याने रेघ मारली.

चौथा पर्याय सडलेला भाग कापून नवे दांडे बसवायचे. या गाडीचे तयार तुकडे ब्रिटनमध्ये मिळतात. खर्च हजार पौंडांच्या वर, किती ते गाडी उघडल्याशिवाय कळणार नाही. ‘उघडल्याशिवाय’ हा शब्द जुन्या गाडीत घातक असतो.

पाचवा, काहीच न करायचं. रस्त्यावर नाही अशी नोंद करून गाडी अंगणात उभी ठेवायची, विमा-कर वाचवायचा आणि पुढच्या वर्षी बघायचं. अशा ‘पुढच्या वर्षी बघू’च्या गाड्या इंग्लंडमध्ये दर चौथ्या अंगणात शेवाळ धरून उभ्या असतात.

केलेली कृती

त्याने एक गोष्ट चांगली केली. दुरुस्ती करायची की नाही हे ठरवायच्या आधी तपासायला पैसे दिले. याच गाड्यांचं काम करणारा एक वेल्डर होता, १२० पौंडांत तो पुढचा बंपर आणि चाकांच्या आतली प्लॅस्टिकची झाकणं काढून, दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत छोटा कॅमेरा घालून बघणार होता. आणि त्याने स्वतःशी आकडा ठरवला. दांडे आणि पट्ट्या मिळून दोन हजारांच्या वर गेलं तर गाडी सुटे करणाऱ्याकडे. हा आकडा बायकोला सांगून ठेवला, म्हणजे मागे सरकता येणार नाही.

वेल्डरकडे जायच्या आदल्या रविवारी काकांनी पुन्हा कॉल केला. “लोहचुंबक आहे का घरात?” फ्रिजवर अंबाबाईचं चित्र असलेलं एक मॅग्नेट होतं, आईने पाठवलेलं. त्याला रुमालात गुंडाळून तो उकिडवा बसला. दाराखालच्या पट्टीवर पुढून मागे सरकवत नेलं. पुढे टक्‌ करून चिकटलं, मध्ये चिकटलं, आणि मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे हात सोडला तर अंबाबाई सरळ खाली दगडावर. पुन्हा लावलं, पुन्हा पडली. काका फोनमधून म्हणाले, “लांबी, ती पुट्टी, भरलीय तिथं. पत्रा नाहीच.” कोल्हापुरात बसून त्यांनी जे ओळखलं ते ओळखायला कॅमेऱ्याची गरज नव्हती. कॅमेऱ्याने नंतर दाखवलं ते एवढंच, की लांबीखाली जाळी होती.

आता त्या वासाचा उलगडा झाला. या गाडीचा टप बंद असताना त्यावरचं पाणी मागच्या कडेने एका पन्हाळीत गोळा होतं, दोन्ही सीटच्या मागे एकेका भोकातून नळीत उतरतं आणि मागच्या चाकापुढे जमिनीवर पडतं. भोकं करंगळीएवढी. पानं, बिया, टपाच्या कापडाचे धागे अडकले की पाणी आत तुंबतं आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत झिरपत राहतं. डावी नळी पूर्ण बुजलेली होती. वेल्डरने तिच्यातून चमचाभर काळी माती काढली, तिच्यात एक मेपलचं बी होतं, चक्क कोंब फुटलेलं. निळ्या गाडीच्या मालकिणीने सांगितलेल्या ‘मागच्या नळ्या’ त्या ह्या.

अंदाज आला १,८५०चा. दोन्ही दांडे, डावी पट्टी, नळ्या साफ. आकड्याच्या आत. त्याने होकार दिला. मी म्हणालो, अजून विचार कर. हे लिहिताना कबूल करतो की त्याच्या जागी मी अकराशे घेऊन मोकळा झालो असतो.

वेल्डरकडे रांग होती. जानेवारीत गाडी आत गेली, मार्च २०२३मध्ये बाहेर. आम्ही एकदा बघायला गेलो. इंजिन वरून साखळीने तोललेलं, सबफ्रेम बाजूला, आणि जिथून दांडा कापला तिथला तुकडा त्याने हातात दिला. कागदी पुठ्ठ्यासारखा थरथर सुटला, बोटांना तांबूस भुकटी लागली. याच्यावर तो घाटात साठच्या वेगाने वळणं घेत होता. तो बराच वेळ काही बोलला नाही.

सबफ्रेम उतरलेलाच होता म्हणून टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि रेडिएटर त्याच वेळी बदलून घेतले, ४२० पौंड. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची मातकट तपकिरी झाली होती. या गाड्यांत तो रंग म्हणजे ती कधीही तडकेल याची खूण. हा निर्णय योग्य होता. मजुरी एकदाच लागली.

मागचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे चाकाला ब्रेक आवळणारे चिमटे, सरकपिनांवर जाम झाले होते, ते सोडवून, नवे रबर घालून २१०. टायर चार, ३६०. मग चारही चाकांचं अलाइनमेंट करायला नेली तर माणूस म्हणाला, होत नाही. कोन बदलायचे लांब बोल्ट बुशच्या, म्हणजे रबरी बाहीच्या, आत गंजून एकजीव झालेले, पाना लावला तर सगळं रबरच पिळवटतं. ते कापून काढावे लागले आणि चाक धरणारे दोन आर्म नवे घ्यावे लागले, ४८०. वास्तविक हे काम वेल्डरकडे सगळं उघडं असताना स्वस्तात झालं असतं. कोणालाच सुचलं नाही.

शेवटी पोकळ भागांत मेण. लांब लवचीक नळीच्या टोकाला चहूकडे फवारणारी टोपी असते, ती दांड्यात, पट्टीत, कमानीत सारायची आणि ओढत ओढत मारत यायचं. पातळ असतं तेव्हा फटीत शिरतं, मग घट्ट होतं आणि तरी मऊच राहतं, म्हणजे कवच धरून आत ओल कोंडत नाही. २६० पौंड. जुना काळा लेप दोन दिवस खरवडून काढला तो आम्हीच. तीन आठवडे माझ्या नखांत होता.

निष्पत्ती

एमओटी पास, किरकोळ दोन सूचना. हिशोब असा झाला : गाडी ३,४००, पहिल्या वर्षाची हौस १,१५०, नंतरचं सगळं ३,७००. एकूण ८,२५० पौंड, त्यात विमा, कर आणि पेट्रोल नाही. आज विकायला काढली तर चारएक हजार यावेत. एक्झॉस्ट त्याने काढून जुना बसवला, शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणून.

आता तिची वर्षाची घडी बसली आहे. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी अंगणातल्या शेडमध्ये जाते, रस्त्यावर नाही अशी नोंद होते, कराचे उरलेले महिने परत मिळतात. बॅटरी डिकीत असते, तिला बारीक चार्जर लावून ठेवतो. टाकी भरलेली आणि त्यात कमी इथेनॉलचं सुपर पेट्रोल, कारण जास्त इथेनॉलचं पेट्रोल महिनोन्‌महिने उभं राहिलं की ओल धरतं. बर्मिंगहॅमला जायचं असेल तर हॅचबॅक. तिथल्या स्वच्छ हवेच्या पट्ट्यात नियमात न बसणाऱ्या मोटारीला दिवसाला आठ पौंड पडतात, आणि रविवारच्या गाडीने शहरात जायचंच कशाला.

ऑक्टोबरात नळ्या. अर्ध्या लिटरची बाटली घेऊन मुलगी सीटच्या मागे हळूहळू पाणी ओतते, तो चाकापाशी जमिनीला कान लावून बसतो. धार यायला हवी, थेंब नाही. थेंब आले तर तार घालायची नाही, नळी फाटते. प्लॅस्टिकची जाड दोरी, गवत कापायच्या यंत्राची, ती फिरवत आत न्यायची.

वेगळं काय करता आलं असतं

त्याला विचारलं तर तो म्हणतो, तपासणीचे १२० पौंड गाडी घ्यायच्या आधी द्यायला हवे होते. बरोबरच आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. चंदेरी गाडीत जे जे नंतर निघालं त्यातलं बरंचसं फुकट दिसत होतं. २०१७ आणि २०१८च्या नोंदी. रुमालात गुंडाळलेलं फ्रिजवरचं मॅग्नेट. टायरवरचे चार आकडे. सीटमागच्या गालिच्याखाली हात घातला असता तर लागलेली ओल. त्याने इंजिन ऐकलं, गिअर टाकून बघितले, रंगावर हात फिरवला. म्हणजे जे सहज बदलता येतं ते तपासलं आणि जे बदलायला गाडी कापावी लागते ते लेपाच्या भरवशावर सोडलं.

‘कमी मैल’ या शब्दाबद्दलही माझं मत बदललं आहे. अठरा वर्षांत ४८ हजार मैल म्हणजे बहुतेक काळ उभी असलेली गाडी. उभ्या गाडीत रबर सुकतं, ब्रेक धरतात, नळ्या बुजतात आणि कोणी खाली वाकत नाही. १ लाख १२ हजार मैलांच्या निळ्या गाडीखाली कोणीतरी दर दोन वर्षांनी वाकत होतं, आणि त्याची बिलं टेबलावर होती.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन सेकंदांचं काम. विकणाऱ्याला फोनवर नाही, संदेशात विचारायचं : कुठे वेल्डिंग झालंय का, लेप कधी, कोणी मारला? उत्तर टाळलं तर तेही उत्तरच.

आणि दुरुस्तीचा तो निर्णय? यावर आम्हा दोघांचं कधीच जमत नाही. हिशोबाने तो तोट्यात आहे, ते तोही मानतो. काका म्हणतात, पद्मिनीचं आम्ही तीनदा टिंकरिंग केलं, त्याचा हिशोब कोणी मांडला नाही. त्याची बायको आता गाडी त्याच्याहून जास्त चालवते आणि पिशव्यांचं विचारत नाही.

निळीचा नंबर त्याच्या वहीत अजून आहे. कधीतरी रात्री तो संकेतस्थळावर टाकून बघतो. मागच्या वेळी मी शेजारीच बसलो होतो. पास, १ लाख ३१ हजार मैल, सूचना एकच : मागचे टायर झिजत आले आहेत. त्याने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, “दादा, ती बाई अजून स्वतःच चालवत असेल का रे?”